जीभ

चाकणच्या आमच्या शेडमध्ये
ड्रायव्हरच्या जागेवर भाऊसाहेब बसतात.
वजन अठ्ठ्याहत्तर किलो, फासळ्या पोलादाच्या,
पाठीतून बाहेर आलेल्या वायरींची जाड वेणी.
नाव इनामदार सरांनी ठेवलं होतं.
सर रिटायर झाले, नाव राहिलं.

सकाळी मी त्यांच्या तोंडाला रंग लावते.
कपाळ तांबडं, नाक पिवळं, हनुवटी निळी.
पिशवीवर कुठला डाग कुठं उमटला
त्यावरून कळतं, माणूस कसा गेला पुढं.
पहिल्या दिवशी ब्रश थरथरला होता.
आता बोलते त्यांच्याशी,
"भाऊसाहेब, आज छप्पन्नने जायचंय."

भोंगा. मग एकच दणका,
हवेत शंकरजिऱ्याची पांढरी भुकटी,
लवंगी माळ फुटल्यासारखा वास,
आणि सगळ्यांच्या आधी कोणीतरी खोकतं.

नंतर आम्ही ते हळू करून बघतो.
पापणी लवायच्या आत झालेलं
पाऊण तास बघतो.
दहाव्या मिलिसेकंदाला पट्टा ढील गिळतो,
सदऱ्याची चुणीसुद्धा शिल्लक ठेवत नाही.
तिसाव्याला पिशवी उभी.
आणि मग
(हे कळायला मला वर्ष लागलं)
पट्टा सोडायला लागतो.
आतली दांडी मुद्दाम पिळवटते,
धुणं पिळावं तशी,
आणि छातीला बोट बोट जागा देत जाते.
नुसतं धरून ठेवलं तर फासळ्या जातात,
नुसतं सोडलं तर काच आहेच.
पिशवीचंही तेच. डोकं पोचतं तेव्हा
ती फुगत असून चालत नाही,
मागच्या दोन भोकांतून निवत असावी लागते.

शिवण विभागातल्या कुंदा लांडगे
पूर्वी लांडेवाडीत ब्लाउज शिवायच्या.
"तेव्हा टाका उसवला की बायका भांडायला यायच्या,
इथं ठरल्या वजनाला नाही उसवला
तर साहेब येतो."

जालिंदर लोहगावला एअरपोर्टची गाडी चालवतो.
टोलची पावती शोधताना
त्याच्या डॅशबोर्डच्या खणात सापडली मला
जुन्या बाजारातून आणलेली जीभ.
नुसती जीभ. मागे पट्टा नाही.
खाचेत सारली की गाडीची पिरपिर थांबते,
तिला वाटतं, माणूस बांधलाय.
खोटं बोलायला एवढीशी पुरते.

"मानेला काचतो गं दिवसभर," म्हणाला,
"आणि चौकात मामा दिसला की घेतोच की अंगावर."
मी भाकरी उलटली.
घरात मी ग्राफ काढून दाखवत नाही.

चाचणीतला पट्टा पुन्हा वापरत नाहीत,
कापून भंगारात टाकतात.
विचारून एक हातभर तुकडा आणला,
ताटाशेजारी ठेवला.
जेवता जेवता त्याचा अंगठा फिरत होता त्यावर:
विणीला पडलेल्या लाटा,
कडीतून घासला तिथली वितळून चकाकलेली कड.
"कुणाचा हा?"
"भाऊसाहेबांचा."
"वाचले?"
"ते रोजच वाचतात."
मग त्याने ताक मागितलं.

महिनाभराने भोरला निघालो, माझ्या मावशीकडे.
मी शेजारी बसले. पट्टा ओढला
तो खांद्यावरून घसरून थेट गळ्याशी आला.
मी पाच फूट जेमतेम.
सगळी मापं भाऊसाहेबांच्या अंगावरची,
आमच्या उंचीची बाहुली शेडमध्ये
यंदा कुठे आली, तिला अजून नाव नाही.
मी पट्टा काखेत सारू लागले,
जे मी नव्या मुलांना करू देत नाही.

खेड शिवापूरच्या नाक्यावर रांग होती.
जालिंदरने माझ्या डोक्यामागून हात नेला,
खांबावरची कडी दाबून
दोन खाचा खाली घेतली. खट्, खट्.
"आता?"
"आता बरं."
त्याच्या छातीवरही तिरका काळा पट्टा होता,
इस्त्रीच्या सदऱ्यावर, थोडा पीळ पडलेला.
तेवढा पीळ मी सरळ केला.

जिभेचं काय केलं, विचारलं नाही.
खाच भरलेली होती,
आणि गाडी गप्प होती.